घरात दुखणं आलंय, प्रार्थना कुठून सुरू करायची? पहिल्यांदाच प्रार्थनेला बसणाऱ्यांसाठी

ज्यांच्या घरात सध्या आजारपण चाललंय, कुणीतरी नुकतंच गेलंय, किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यातलं काम सुटलंय आणि हप्ते डोक्यावर आहेत, आणि येशूजवळ काहीतरी बोलावं असं मनापासून वाटतंय पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुम्ही लहानपणापासनं चर्चला जाणारे असाल आणि आजवर पाठ केलेलंच म्हणत आला असाल तरी चालेल, चर्चची पायरी कधी चढला नसाल तरी चालेल. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात घरी मराठी, दवाखान्याच्या कागदावर कन्नड, कॅम्पातल्या शेजाऱ्याशी कोकणी नाहीतर इंग्लिश असं सगळं एकत्र चालतं, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की प्रार्थनेला कुठलीतरी वेगळी शुद्ध भाषा लागत असणार. अजिबात लागत नाही. बायबलची मराठी जुन्या वळणाची आहे म्हणून आपण तसंच बोलायला पाहिजे असं काही नाही, घरात बोलता तेच बोला, मध्येच कन्नड शब्द आला तरी येऊ दे. देवाला "तू" म्हणायचं, अहोजाहो करायचं नाही, मराठी ख्रिस्ती माणूस तसंच म्हणत आलाय. आणि मराठीतनं ही प्रार्थना इथं काही काल-परवा आलेली नाही, लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं आणि मराठी ख्रिस्ती लिखाणात ज्यांचं नाव पहिल्या ओळीत घेतात त्या बाबा पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावातलाच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. क्रम असा ठेवा की आधी गाऱ्हाणं, मग मागणं, मग दया, आणि आभार त्याच्यानंतर. नव्या माणसाला बऱ्याचदा उलटं शिकवलं जातं, "आधी आभार मान, तक्रार करू नको, देवाला आवडत नाही" असं सांगतात, आणि मग माणूस देवासमोरसुद्धा खोटं बोलायला लागतो, आतनं जळत असताना तोंडानं धन्यवाद म्हणत बसतो. मला हे पटत नाही, आणि बायबलमधली दुखावलेली माणसं तशी वागतही नाहीत.

पहिली पायरी: "कुणाच्या पापामुळं झालं" हा हिशेब बंद करा

प्रार्थनेला बसायच्या आधी हे करावंच लागतं, नाहीतर तुम्ही देवाशी न बोलता स्वतःवर खटला चालवत बसता. भेटायला येणारी माणसं बोलून जातात, "काहीतरी चुकलं असेल बघ," "कुणाचा तरी तळतळाट लागलाय," किंवा चर्चमधलंच कुणीतरी म्हणतं, "विश्वास कमी पडला म्हणून गुण येईना." बायबलमध्ये येशूची गोष्ट सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान, त्यातल्या योहानाच्या शुभवर्तमानात ९ वा अध्याय काढून बघा. जन्मापासनं आंधळा असलेला माणूस दिसल्यावर शिष्यांनी येशूला हेच विचारलं, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? येशूनं सरळ सांगितलं, ह्याचंही नाही आणि त्याच्या आईबापाचंही नाही. लूकच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याची गोष्ट निघते, तिथंही तो विचारतो, ती माणसं यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती असं वाटतं काय तुम्हाला? आणि उत्तरही स्वतःच देतो, नाही म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात महापूर आला, नदीकाठची किती घरं बसली, त्यात देवभक्त माणसांचीही होती आणि देवाचं नाव न घेणाऱ्यांचीही.

विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. येशूचा निरोप गावोगावी नेणाऱ्या पौलानं पुष्कळांना बरं केलं, पण त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा मागूनही निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं (करिंथकरांस दुसरं पत्र, १२ वा अध्याय). त्याच पौलाला त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेत गावात आजारी सोडून पुढं जावं लागलं, दुसऱ्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सांगावं लागलं. ह्यातल्या कुणाला त्यानं विश्वास कमी आहे म्हणून झापलेलं नाही. म्हणून गोळ्या, इंजेक्शन, डायलिसिस यातलं काही प्रार्थना सुरू केली म्हणून बंद करायचं नाही, कुणी बंद कर म्हणालं तर त्या माणसाचं ऐकायचं नाही, हे मी अगदी ठासून सांगते.

दुसरी पायरी: जागा आणि वेळ

येशू म्हणतो, खोलीत जा, दार लावून घे. आता शहापूर-वडगावच्या घरांत, जिथं पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत सगळं घर, तिथं दार लावायची खोली कुठनं आणायची? मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या आईबद्दल सांगतात की घरभर पोरं असायची म्हणून ती प्रार्थनेच्या वेळी अ‍ॅप्रन डोक्यावरनं ओढून बसायची आणि मग तिला कुणी हाक मारायचं नाही. आपल्याकडं पदर आहे. गच्चीवर जा, दवाखान्याच्या जिन्यात बसा, खानापूरहून येणाऱ्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून डोळे मिटा. कॅम्पात असाल तर दुपारी फातिमा कॅथेड्रल किंवा जवळचं कुठलंही चर्च उघडं असेल तर मागच्या बाकावर जाऊन बसा, तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट की कोण हे कुणी विचारत बसत नाही. दहा मिनिटं पुरेत. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला दहा मिनिटंच मिळतात, त्यामुळं तासभर गुडघ्यावर बसायचे संकल्प सुरुवातीला करू नका.

तिसरी पायरी: गाऱ्हाणं घाला

खानापूर, चंदगडकडच्या लोकांना गाऱ्हाणं घालणं काय असतं ते सांगायला नको, गावच्या देवळात गुरव उभा राहून गावाच्या वतीनं देवाला सगळं स्पष्ट सांगतो, काय झालंय, काय पाहिजे. बायबलमध्ये स्तोत्रसंहिता म्हणून १५० स्तोत्रांचं पुस्तक आहे, त्यात गाऱ्हाण्याची स्तोत्रं इतकी आहेत की पहिल्यांदा वाचणारा दचकतो. तुम्ही १३ वं घ्या. सहाच ओव्या आहेत. सुरुवातीलाच प्रश्न आहे, परमेश्वरा कुठवर, मला कायमचा विसरणार आहेस का? "कुठवर" असं चार वेळा विचारून झाल्यावर मग मागणं येतं, आणि अगदी शेवटी भरवसा. पहिल्या दिवशी तुम्ही फक्त "कुठवर"पाशी थांबलात तरी ती प्रार्थनाच झाली.

एकदा मोठ्यानं वाचा, मग वही घ्या आणि आपलं स्वतःचं लिहा. चार ओळी लिहा. एक, काय झालंय ते. दोन, त्यानं तुमचं काय होतंय ते. तीन, देवाला काय विचारायचंय ते. चौथी ओळ सुचली तर लिहा, नाहीतर रिकामी सोडा. समजा असं काहीतरी होईल:

"देवा, बाबांना आठवड्यातनं तीनदा मशीनवर घालायलेत. मला रात्री झोप नाही आणि सकाळी त्यांच्यावर ओरडते, मग रडायला येतं. तू बघायलास का नाही हे? अजून किती दिवस?"

एवढंच. ह्याला आमेन म्हणा आणि उठा. असं बोलल्यावर देव रागावेल अशी भीती वाटते, ती मलाही माहीत आहे, आमच्या आईच्या आजारपणात मी ह्याच भीतीपोटी कितीतरी दिवस नुसती पाठ केलेली प्रार्थना पुटपुटत होते. पण बायबलमधल्या ईयोबाची, सगळं गमावून बसलेल्या माणसाची, गोष्ट शेवटपर्यंत वाचा. ईयोब देवाशी भांडतो, जन्मलो तो दिवस नष्ट होवो म्हणतो, आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन छान छान बोलतात. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोललाय, तुम्ही बोलला नाहीत. आणि स्वतः येशू वधस्तंभावर ओरडला ते २२ व्या स्तोत्रातलंच पहिलं वाक्य आहे, माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस.

काही दिवस भरवशाचं एक अक्षरही निघत नाही. त्या दिवशी ८८ वं स्तोत्र वाचायचं, ते अंधारातच संपतं, शेवटी कसलाच दिलासा नाही, आणि तसंच ते बायबलमध्ये ठेवलंय.

चौथी पायरी: मागा, आणि स्पष्ट मागा

"तुझी इच्छा असेल तसं होऊ दे" हे वाक्य फार लवकर म्हणू नका. गेथशेमाने बागेत येशूनंसुद्धा आधी मागितलं, हा प्याला (म्हणजे समोर आलेलं मरण) माझ्यापासनं दूर कर, आणि त्यानंतर म्हणाला, तरी माझ्या इच्छेप्रमाणं नको, तुझ्या इच्छेप्रमाणं होऊ दे. मत्तय लिहितो की त्यानं तीनदा प्रार्थना केली. आपण मागायची पायरी गाळून एकदम दुसरं वाक्य म्हणतो, कारण मागितलं आणि मिळालं नाही तर काय, ही धास्ती असते. तरी मागा. "सगळं चांगलं कर" असं गुळमुळीत नको, "उद्याच्या रिपोर्टात क्रिएटिनिन उतरलेलं असू दे", "रक्त मिळू दे", "दादाला सोसायटीचं कर्ज फिटेपर्यंत काम टिकू दे" असं मागा. वहीत तारीख घालून लिहून ठेवलं तर पुढं कामाला येतं, कुठं काय झालं ते आपण विसरतो.

मागितलेलं मिळालं नाही, माणूस गेला, तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर या. आपला मित्र लाजर ह्याच्या कबरेशी येशू रडला, त्याला उठवणार हे माहीत असूनही रडला. तेव्हा तुमच्या रडण्याला घाईनं "तो आता देवाच्या घरी सुखात आहे" असं झाकण घालायला कुणी आलं तर ऐकून घ्या आणि नंतर एकटं बसून रडा.

पाचवी पायरी: दया

ही सगळ्यात छोटी प्रार्थना आहे आणि मला विचाराल तर नव्या माणसाला सगळ्यात जास्त हीच उपयोगी पडते. यरीहोच्या रस्त्यावर बसलेला आंधळा भिकारी बार्तिमय ओरडला, "येशू, दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर." लोकांनी गप्प बस म्हटल्यावर अजून जोरात ओरडला. मंदिरात मागं उभा राहिलेला जकातदार वर बघायलाही तयार नव्हता, छाती बडवून म्हणाला, "हे देवा, मज पाप्यावर दया कर," आणि येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो हाच. कॅथलिकांच्या उपासनेत, म्हणजे मिस्सामध्येही, सुरुवातीलाच "हे प्रभो, दया कर" म्हणतात. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत हीच एक ओळ दिवसभर श्वासाबरोबर म्हणत राहायची पद्धत फार जुनी आहे.

कसं करायचं तर श्वास आत घेताना "प्रभू येशू" आणि सोडताना "दया कर". आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलाय, आत काय चाललंय माहीत नाही, फोनवर फोन येतायत, अशा वेळी स्तोत्र-बित्र काही आठवत नाही, हे मात्र म्हणता येतं. ह्याला मोजणी नको, किती वेळा झालं ते बघायचं नाही.

दया मागताना अपराधाचंही बोला. सेवा करणाऱ्या माणसाच्या मनात फार काय काय साठलेलं असतं, चिडचिड, कंटाळा, कधी कधी "सुटलं तर बरं" असा विचारही येऊन जातो आणि मग तो विचार आला म्हणून रात्रभर पोखरत राहतो. ते सगळं त्याच्यापुढं ठेवा, लपवू नका. ५१ वं स्तोत्र त्यासाठी आहे. कॅथलिक असाल तर फादरकडं पापनिवेदनाला जा, नाहीतर ज्याच्या तोंडून बाहेर जाणार नाही अशा एखाद्या मोठ्या माणसाशी बोला.

सहावी पायरी: आभार

आता आभार. दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट लूकच्या १७ व्या अध्यायात आहे. दहाही जण लांब उभे राहून आधी ओरडले, "गुरुजी, आमच्यावर दया करा." शुद्ध झाल्यावर एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. परत येऊन त्यानं आभार मानले. म्हणजे आधी आरोळी आणि मग आभार, आणि मध्ये थोडा रस्ता चालून झालेला. फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र आभारानं, आनंदानं भरलेलं आहे आणि ते लिहिताना पौल बेड्यांत होता, पण त्यानं कुठंही असं लिहिलं नाही की बेड्या फार छान आहेत. कॅन्सरबद्दल देवाचे आभार मानायची गरज नाही. कॅन्सरच्या दिवसांतही जे चांगलं हाताला लागलं त्याचे मानायचे.

रात्री झोपताना तीन गोष्टी आठवा, आणि शक्यतो माणसांच्या रूपात आठवा. सलाईन लावणाऱ्या सिस्टरला मराठी धड येत नव्हतं तरी तिनं कन्नड-मराठी मिसळून आईला दोनदा समजावलं. निपाणीच्या बसमध्ये कुणीतरी उठून जागा दिली. शेजारच्या काकूंनी डबा पाठवला, त्यात आमटी गरम होती. सीमाभागात भाषेवरनं आपण इतकं भांडलोय, पण दवाखान्याच्या वॉर्डात रात्री तीन वाजता पाणी आणून देणारा माणूस कुठल्या भाषेचा हे कोण बघतं? त्याचं नाव माहीत असेल तर नाव घेऊन देवाला सांगा, "ह्याच्याबद्दल आभार." तीन सापडल्या नाहीत तर एक. एकही नाही सापडली तर जबरदस्ती नको, १३६ वं स्तोत्र उघडा, त्यात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी "त्याची दया सनातन आहे" हेच येतं, ते नुसतं वाचून काढा, दुसऱ्यांनी मानलेल्या आभारात आपला आवाज मिसळायचा.

दोन गोष्टी टाळा. "आपल्यापेक्षा वाईट हाल असलेले किती आहेत, त्यापेक्षा आपलं बरं" असे आभार मानू नका, त्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं दुःख आपण आपल्या समाधानासाठी वापरतो. आणि दुसऱ्याला "आभार मान" असं कधीही सांगू नका, ज्याला दुखतंय त्याला तर मुळीच नाही.

सातवी पायरी: भेटायला जा, पण कसं जायचं ते शिकून जा

"मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आला," हे येशू मत्तयाच्या २५ व्या अध्यायात म्हणतो, आणि डोंगरावरच्या प्रवचनात, "जे दयाळू ते धन्य, कारण त्यांच्यावर दया होईल." स्वतःचं दुखणं थोडं निवळलं की, किंवा चालू असतानाही, दुसऱ्याकडं जा. ईयोबाच्या मित्रांनी सुरुवात चांगली केली होती, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. बोलायला लागल्यावर बिघडलं.

जाताना फळांची पिशवी न्यायची पद्धत आहे, पण दवाखान्यात फळं सडत पडतात. त्यापेक्षा भाकरी-भाजीचा डबा न्या, नातेवाइकाला घरी जाऊन अंघोळ करून येऊ द्या आणि तोवर तुम्ही खाटेजवळ बसा, खेड्यातनं आलेल्यांना कन्नड फॉर्म भरून द्या, औषधाची चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलला तुम्ही जा. पैसे द्यायचे असतील तर पाकिटात घालून काही न बोलता उशाशी ठेवा.

प्रार्थना करू का, असं आधी विचारा. नको म्हणाले तर नको. रुग्ण दुसऱ्या धर्माचा असेल तर हे अजूनच पाळा, आजारपणात माणूस हतबल असतो, त्या हतबलतेचा फायदा घेऊन त्याला आपल्याकडं ओढणं ही दया नाही. हो म्हणाले तर एक मिनिटात, हळू आवाजात, त्याचं नाव घेऊन. उपदेश नको. आणि त्याला कुठला आजार आहे हे "प्रार्थना विनंती" म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, ज्याचं दुखणं आहे त्यानं स्वतः सांग म्हटल्याशिवाय नाहीच.

आठवी पायरी: स्वतःला जमत नसेल तेव्हा

मार्कच्या २ ऱ्या अध्यायात चार जणांनी एका पक्षाघाती माणसाला छप्पर उसवून येशूपुढं खाली सोडलं, आणि येशूनं "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलंय, त्या चौघांचा. तेव्हा दुसऱ्यांना सांगा, माझ्यासाठी तुम्ही करा. बेळगावात मराठी, कोकणी, कन्नड, इंग्लिश अशा वेगवेगळ्या भाषांतनं मिस्सा आणि उपासना होतात, बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ सालापासनं आहे, मेथडिस्टांचं काम त्याच्याही आधीचं, तेव्हा आपल्या घराजवळच्या चर्चमध्ये जाऊन कुठल्या भाषेची कधी असते ते एकदा विचारून या. आजारी माणसाला तेल लावून प्रार्थना करायची पद्धत याकोबाच्या पत्रापासनं आहे, फादरना किंवा पाळकांना बोलावलं तर घरीही येतात, शेवटच्या घटकेपर्यंत थांबायचं कारण नाही.

आणि मरून जावं असं वाटत असेल, तर ते पाप म्हणून दाबून ठेवू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली बसून देवाकडं मरण मागत होता (राजे पहिलं पुस्तक, १९ वा अध्याय). देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, देवदूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं. तसंच करा, आधी जेवा, झोपा, घरातल्या एकाला तरी सांगा, आणि १४४१६ ह्या टेलीमानसच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे आणि मराठीत, कन्नडमध्ये बोलता येतं. डॉक्टरकडं गेल्यानं विश्वास कमी होत नाही.

पिशवीत काय ठेवायचं

एक छोटी वही, पेन, आणि बायबल जड वाटत असेल तर नुसता नवा करार, स्तोत्रसंहिता जोडलेला मिळतो तो. ह्या स्तोत्रांच्या पानांना खुणा घालून ठेवा: रागावलाय तर १३, सोडून दिल्यासारखं वाटतंय तर २२, भीती वाटतेय तर २३, मन खातंय तर ५१, काहीच वाटत नाहीये तर ८८, बरं वाटायला लागलंय तर १०३, आणि रात्र सरत नाहीये तर १३०. वाचता येत नसलेल्या आजी-आजोबांसाठी मोबाइलवर मराठी बायबल ऐकायची सोय असते, इअरफोन लावून द्या आणि आवाज आधी बारीक करून ठेवा, वॉर्डात बाकीची माणसं झोपलेली असतात.